बेने-इस्राएलांचीं आडनांवें व आमचीं आडनांवें

(उपदेशकांच्या वर्गासाठीं व घरच्या वाचनासाठीं धडा)

वाचावयाचे शास्त्रभाग : उत्पत्ति ३५:१६-१८, मत्तय ३:७-९, मत्तय १६:१३-१७, प्रेषितांचीं कृत्यें ४:३६ व १३:९, रोमकरांस पत्र १६:१-१६.

मंडळीच्या वहींत नव्या विश्वासी मनुष्याचें नांव मांडावयाची वेळ आली म्हणजे उपदेशकापुढें बहुधा हा प्रश्न येतो : "मास्तर, आडनांव कोणतें घालूं? जुनेंच राहूं द्यावें, कीं शास्त्रांतलें एखादें घ्यावें?" कोणास वाटतें, जुन्या नांवास जुन्या दैवताचा वास लागलेला आहे. कोणास वाटतें, आडनांवावरून लोक जात ओळखतात, तेव्हां तें टाकल्यावांचून सुटका नाहीं. आणि कोणाची अशी समजूत असते कीं, इब्री नांव घेतलें म्हणजे मनुष्य देवाच्या कांहींसा अधिक जवळ जातो. प्रश्न लहान दिसतो, परंतु ह्याच एका गोष्टीवरून घरांत बाप व मुलगा ह्यांच्यांत दुरावा आलेला आम्हीं पाहिला आहे. म्हणून ज्या लोकांपासून हीं इब्री नांवें आलीं त्यांच्यांत आडनांवाची रीत काय होती, आणि त्यांतले जे लोक आपल्याच कोंकणांत येऊन राहिले त्यांनीं काय केलें, हें ह्या धड्यांत पाहूं.

१. पित्याचें नांव

आडनांव म्हणजे जें आजापासून नातवापर्यंत न बदलतां चालतें, असें आज आपण समजतों. शास्त्रकाळच्या इब्री लोकांत असें आडनांव नव्हतें. मनुष्यास एक नांव असे, आणि त्याच नांवाचे दुसरेहि असल्यामुळें ओळख पटावी म्हणून त्यापुढें बापाचें नांव जोडीत. ह्या जोडणीचा शब्द 'बेन' हा आहे. बेन म्हणजे पुत्र. इशायाचा पुत्र दाविद ह्यास इब्री भाषेंत 'दाविद बेन इशाय' म्हणतात. कन्येस 'बाथ' असा शब्द आहे. पुढें अरामी भाषा चालू झाल्यावर 'बेन' ह्याच्या जागीं 'बार' आला. प्रभूनें पेत्रास शिमोन बार-योना म्हणून हाक मारली, तींत हाच शब्द आहे. अर्थ, योनाचा मुलगा शिमोन. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा बर्तीमय ह्याचें नांवहि तीमयाचा पुत्र एवढेंच सांगतें. त्याचें स्वतःचें नांव शुभवर्तमानांत कोठेंच आलेलें नाहीं!

ह्या जोडणीनें नेहमीं बापाचेंच नांव दाखविलें जात असे असें नाहीं. मनुष्याचा गुणहि दाखविला जाई. कुप्र बेटांतील योसेफ ह्यास प्रेषितांनीं बर्णबा असें नांव दिलें, व त्याचा अर्थ बोधपुत्र असा लूकानें तेथेंच सांगितला आहे. राहेलीनें मरतेवेळीं आपल्या बाळाचें नांव बेन-ओनी, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र, असें ठेविलें. याकोबानें तें बदलून बन्यामीन, म्हणजे उजव्या हाताचा पुत्र, असें केलें. एकाच बाळाचीं हीं दोन नांवें, आणि दोहोंतहि 'बेन' आहेच. आईच्या दुःखानें दिलेलें नांव बापानें आशेनें पालटलें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

'बेन' ह्याचें अनेकवचन दुसऱ्या नांवास जोडतांना 'बेने' असें होतें. तेव्हां 'बेने-इस्राएल' म्हणजे इस्राएलाचे पुत्र. याकोबास इस्राएल हें नांव यब्बोकाच्या उतारापाशीं मिळालें, हें तुम्हांस ठाऊकच आहे.

२. गांवाचें नांव

बापाच्या नांवानें ओळख पुरी पटत नसे तेथें गांवाचें नांव घेत. एलीया तिश्बी, नहूम एल्कोशी, मीखा मोरेष्टी हीं अशींच नांवें होत. आमोस हा तकोवा येथील मेंढपाळांपैकीं होता, असें त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच ओळींत कळतें. नव्या करारांत हीच रीत पुढें चालली आहे. मरीया मग्दालीया ही मग्दाला गांवची. यहूदा इस्कर्योत ह्याच्या नांवाचा अर्थ करियोथ गांवचा मनुष्य असा पुष्कळ विद्वान लावितात. आणि आपला प्रभु स्वतः नासरेथ गांवाच्या नांवानें ओळखला गेला. तें गांव एवढें लहान कीं, तेथून कांहीं चांगलें निघेल काय, असा संशय नथनेलास आला.

मराठी शास्त्राचें भाषांतर करणाऱ्यांस ह्या सर्व नांवांसाठीं शब्द शोधीत बसावें लागलें नाहीं. आपल्या भाषेंत 'कर' हा प्रत्यय तयारच होता. म्हणून आपल्या शास्त्रांत शिमोन कुरेनेकर आहे, योसेफ अरिमथाईकर आहे. पौलाचीं पत्रें पाहा : रोमकरांस, करिंथकरांस, गलतीकरांस, इफिसकरांस, फिलिप्पैकरांस, कलस्सैकरांस, थेस्सलनीकाकरांस. दाभोळचा तो दाभोळकर, चिपळूणचा तो चिपळूणकर, तसा करिंथाचा तो करिंथकर. ह्या मंडळ्या ख्रिस्तांत आल्या म्हणून त्यांच्या गांवाचें नांव पुसलें गेलें नाहीं; तें पत्रांच्या माथ्यावर आजवर राहिलें आहे.

३. कोहेन आणि लेवी

आतां कोणी म्हणेल, आज जगांत यहूदी लोकांचीं कोहेन, लेवी अशीं आडनांवें आहेत, तीं कोठून आलीं? हीं दोन मूळचीं घराण्याचीं व सेवेचीं नांवें आहेत. कोहेन म्हणजे याजक. अहरोनाच्या वंशांतील पुरुषास हें नांव लागतें. लेवी हें लेआच्या तिसऱ्या मुलाचें नांव. आतां पति मजशीं जडून राहील ह्या तिच्या आशेवरून तें पडलें. यरुशलेमेचें मंदिर इ. स. ७० मध्यें पडलें व यज्ञयाग बंद झाले, तरी ह्या घराण्यांस कांहीं मान व कांहीं निर्बंध राहिले. सभास्थानांत नियमशास्त्र वाचतांना पहिल्यानें कोहेनास बोलावितात, त्यामागून लेव्यास. कोहेनानें प्रेतास शिवूं नये व घटस्फोट झालेल्या स्त्रीशीं लग्न करूं नये, असा नियम आहे.

बाकीच्या पुष्कळ यहूदी लोकांस कायमचें आडनांव सरकारच्या हुकुमानें घ्यावें लागलें. ऑस्ट्रियाच्या बादशहानें १७८७ सालीं, फ्रान्सांत नेपोलियन बादशहानें १८०८ सालीं, व प्रशियाच्या राजानें १८१२ सालीं असे हुकूम काढिले. तोंवर त्या देशांतील बहुतेक घरांत अमक्याचा पुत्र तमका एवढ्यावरच काम भागत होतें. पुढें इस्राएल राष्ट्र उभें राहिलें तेव्हां पुष्कळांनीं युरोपांतलीं आडनांवें टाकून इब्री नांवें घेतलीं. त्या राष्ट्राचे पहिले मुख्य प्रधान दाविद बेन-गुरियोन ह्यांचें जन्माचें आडनांव ग्र्यून असें होतें. बेन-गुरियोन ह्यांत पुनः तोच 'बेन' आला. सारांश, इब्री आडनांव म्हणून जें आज दिसतें तें प्रत्येक वेळीं अब्राहामाच्या काळचेंच असतें असें समजूं नये.

४. आपल्या शेजारचे बेने-इस्राएल

आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेस बाणकोटची खाडी ओलांडली कीं कुलाबा जिल्हा लागतो. १९८१ पासून त्यास रायगड म्हणतात. त्या किनाऱ्यावर बेने-इस्राएल लोक पुष्कळ शतकें राहत आले. त्यांची परंपरागत कथा अशी कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि जे बुडाले त्यांस नवगांवासच पुरलें. त्यांचे ग्रंथ समुद्रांत गेले. वांचलेल्यांच्या वंशजांनीं तेलाचे घाणे घातले, गांवकऱ्यांची भाषा घेतली, वेष घेतला. परंतु शनिवारीं ते घाणा जुंपीत नसत. म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. सुंता, शब्बाथ, उपास आणि पंख व खवले असलेलेच मासे खाणें, एवढें त्यांच्याजवळ राहिलें होतें. आणि 'ऐक, हे इस्राएला' ह्या अर्थाचें 'शमा इस्राएल' हें वचन त्यांच्या तोंडीं होतें.

आतां त्यांचीं नांवें पाहा. स्वतःचें नांव शास्त्रांतलें, पण तें कोंकणी जिभेवर वळलेलें : शमुवेलाचा समाजी झाला, यहेज्केलाचा हसाजी, इसहाकाचा इसाजी, मोशेचा मुसाजी. त्यापुढें बापाचें नांव, तेंहि तसेंच. आणि शेवटीं गांव : नवगांवचे ते नवगांवकर, किहीमचे ते केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर, झिराडचे झिराडकर, अष्टमीचे अष्टमकर, पोयनाडचे पोयनाडकर. अशीं गांवावरून पडलेलीं आडनांवें त्यांच्यांत शंभराहून अधिक आहेत. त्यांतला कोण कोठें घाणा चालवीत होता, हें त्याच्या आडनांवावरून आजहि सांगतां येतें. कागद समुद्रांत गेले, तेथें आडनांवांनींच कागदांचें काम केलें.

मुंबईंतील त्यांचें पहिलें सभास्थान 'शाअर हारहमीम', म्हणजे दयेचें द्वार, हें १७९६ सालीं समाजी हसाजी दिवेकर ह्यांनीं बांधिलें. ते कंपनी सरकारच्या पलटणींत अंमलदार होते व टिपू सुलतानाशीं झालेल्या युद्धांत कैद होऊन सुटून आले होते. त्यांचेंच नांव शमुवेल यहेज्केल असेंहि लिहितात. म्हणजे घरीं समाजी हसाजी, प्रार्थनेच्या वेळीं शमुवेल बेन यहेज्केल, आणि लोकांत दिवेकर. मनुष्य एकच. ह्या तिन्ही हाकांस तो 'ओ' देत होता, आणि एका नांवानें दुसरें नांव खोटें पडलें नाहीं.

ह्यापुढें आमच्या मिशनाचाहि त्यांच्या नांवांशीं थोडा संबंध आला. अमेरिकन मिशन व स्कॉच मिशन ह्यांनीं कोंकणांत व मुंबईंत ज्या शाळा घातल्या त्यांत बेने-इस्राएलांचीं मुलें पुष्कळ आलीं. डॉक्टर जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं इब्री भाषेच्या व्याकरणाचें एक पुस्तक मराठींत छापिलें. मराठी शास्त्र हातीं आल्यावर त्या लोकांस आपल्या समाजीचा मूळ शमुवेल सांपडला, हसाजीचा यहेज्केल सांपडला. त्यांपैकीं फारच थोडे ख्रिस्ती झाले. बाकीच्यांनीं तेंच शास्त्र वाचून आपला पूर्वीचा धर्म अधिक घट्ट धरिला. ही गोष्ट आम्हीं निखालसपणें सांगितली पाहिजे. परंतु आपल्या शाळांनीं एका लोकसमूहास त्यांच्या पूर्वजांचीं नांवें उजळून दिलीं, ह्यांत खेद मानण्यासारखें कांहीं नाहीं.

शिकून पुढें आलेल्यांत योसेफ यहेज्केल राजपुरकर ह्यांनीं इब्री प्रार्थनांचीं मराठी भाषांतरें केलीं. हायीम शमुवेल केहिमकर ह्यांनीं आपल्या लोकांचा इतिहास १८९७ सालीं लिहून पुरा केला. तो १९३७ सालीं तेल-अवीव येथें छापून निघाला. शहरांत कांहींनीं 'कर' गाळून बापाचें वा आजाचें नांवच आडनांवासारखें चालविलें. १९३७ सालीं मुंबईचे महापौर झालेले डॉक्टर एलिजा मोझेस हे राजपुरकर घराण्यांतले. चित्रपटांत डेव्हिड एवढ्याच नांवानें गाजलेले नट (१९०९-१९८२) ह्यांचें पुरें नांव डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. ह्या एका नांवांत आपला सारा धडा आला : आपलें नांव, पित्याचें नांव, गांवाचें नांव.

१९४८ नंतर ह्या लोकांपैकीं बहुतेक इस्राएल देशांत जाऊन राहिले. आज आपल्याकडे मुंबई, ठाणें व रायगड ह्या बाजूस थोडे उरले आहेत. अलिबागेंत त्यांची इस्राएल आळी व त्यांचें सभास्थान आहे.

५. नांवानें काय होत नाहीं

येथवर नांवाची थोरवी सांगितली; आतां नांवाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. सर्वांचें नांव बेने-इस्राएल, पिता एक, तरी त्यांच्यांत पूर्वीं गोरे आणि काळे असे दोन भेद होते, व ते एकमेकांशीं लग्नव्यवहार करीत नसत. पुढें तो भेद मावळला. आम्ही हें त्यांस नांवें ठेवावयास लिहीत नाहीं. आपल्या मंडळ्यांकडे पाहून लिहितों. सर्वांचें नांव ख्रिस्ती, मेज एक, प्याला एक, आणि लग्न जुळविण्याची वेळ आली कीं आधीं पूर्वीच्या जातीची चौकशी! मग आडनांव बदलून काय साधलें?

दुसरी गोष्ट. बेने-इस्राएल इस्राएल देशांत गेल्यावर तेथील मुख्य धर्माधिकाऱ्यांनीं १९६२ सालीं असा आदेश काढिला कीं, त्यांचा विवाह लावण्यापूर्वीं त्यांच्या मागील पिढ्यांची चौकशी करावी. ज्यांनीं इतकीं शतकें शनिवारीं घाणा थांबविला त्यांसच, तुम्ही खरे कोण, असें विचारण्यांत आलें. त्यांनीं मोठी चळवळ केली, आणि १९६४ च्या ऑगस्ट महिन्यांत तेथील सरकारनें ते सर्व बाबतींत यहूदीच आहेत असें जाहीर केलें. ह्यावरून दिसतें कीं, ज्यास शंका घ्यावयाची तो नांव पाहून थांबत नाहीं.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानें यार्देनेवर हेंच सांगितलें. अब्राहाम आमचा बाप आहे, असा अभिमान मिरविणाऱ्यांस तो म्हणाला कीं, देव ह्या दगडांतून अब्राहामास मुलें उत्पन्न करावयास समर्थ आहे. इब्री भाषेंत पुत्र तो 'बेन' आणि दगड तो 'एबेन'. पुत्र पुष्कळ ते 'बानीम' आणि दगड पुष्कळ ते 'अबानीम'. दोन शब्दांत अंतर केवढें थोडें! घराण्याच्या नांवावर विसंबणाऱ्या पुत्राहून देवाच्या हातचा दगड बरा.

६. आम्हीं काय करावें

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. पहिलें, जुन्या नांवास दैवताचा वास आहे म्हणून भिऊं नये. अपुल्लो हें नांव ग्रीक लोकांच्या अपोल्लो ह्या देवावरून आलेलें आहे. एपफ्रदीत हें अफ्रोदीती देवीवरून. रोमच्या मंडळींतील ज्या हर्मेसास पौल सलाम सांगतो त्याचें नांव तर देवाचेंच आहे. पौलानें त्यांपैकीं कोणासहि नांव बदलावयास सांगितल्याचें शास्त्रांत नाहीं. खुद्द पौलाविषयींहि आपल्याकडे एक चुकीची समजूत आहे कीं, दिमिष्काच्या वाटेवर शौलाचा पौल झाला. प्रभूनें त्यास तेथें शौल म्हणूनच हाक मारली, आणि त्यानंतरहि कित्येक अध्यायांपर्यंत त्यास शौलच म्हटलें आहे. कुप्रांत तो सेवेस निघाला तेव्हां लूक सांगतो कीं, ह्यास पौलहि म्हणत. दोन्ही नांवें त्याचींच होतीं.

दुसरें, आपल्या थोर लोकांचा कित्ता पाहावा. दापोली तालुक्यांतील करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले नारायण वामन टिळक ह्यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. ते शेवटपर्यंत टिळकच राहिले. पंडिता रमाबाई ह्यांनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्यांस मेरी हें नांव मिळालें. तरी महाराष्ट्रानें त्यांस रमाबाई म्हणूनच ओळखलें, व त्यांनींहि तें नांव टाकिलें नाहीं.

तिसरें, ज्याच्या आडनांवानें त्यास गांवांत हिणविलें जातें, त्याचें दुःख उपदेशकानें हलकें मानूं नये. राहेलीनें ठेविलेलें बेन-ओनी हें नांव याकोबानें बदललें, तसें ह्यासहि बदलतां येतें. त्यास गांवाचें नांव घेतां येईल. आपल्या कोंकणांत 'कर' हा प्रत्यय कोणा एका जातीचा नाहीं. ब्राह्मण, मराठा, भंडारी, महार, बेने-इस्राएल, सर्वांस तो सारखाच आहे. डॉक्टर भीमराव आंबेडकर ह्यांच्या घराण्याचें आडनांव सकपाळ. मंडणगड तालुक्यांतील आंबडवे ह्या त्यांच्या मूळ गांवावरून वडिलांनीं शाळेंत आंबडवेकर असें नांव घातलें, तेंच पुढें आंबेडकर झालें. ज्या नांवाचें ओझें होत होतें तें बाजूस राहिलें, आणि लहानशा गांवाचें नांव साऱ्या देशास ठाऊक झालें.

चौथें, शास्त्रांतलें नांव मुलास ठेवावयाचें तर आनंदानें ठेवावें. पण त्याचा अर्थ मुलास सांगावा. शमुवेल म्हणून हाक मारावी आणि हन्नेची प्रार्थना त्यास ठाऊक नसावी, हें बरें दिसत नाहीं. मात्र कोहेन, लेवी हीं नांवें शोभेसाठीं घेऊं नयेत. तीं दुसऱ्या घराण्याच्या सेवेचीं नांवें आहेत, आणि तीं धारण करणारे आजहि त्या नांवाचे निर्बंध पाळितात.

पांचवें, वहींत नांव लिहितांना उपदेशकानें स्वतःचें नांव, बापाचें नांव, आडनांव आणि गांव हीं चारही स्वच्छ अक्षरांत लिहावीं. स्त्रीचें नांव केवळ अमक्याची बायको एवढ्यावर सोडूं नये. पन्नास वर्षांनीं कोणाच्या नातवास त्या एका ओळीवरूनच आपलें मूळ कळावयाचें आहे.

बेने-इस्राएल ह्या दोन शब्दांत एका समाजाचें सामाईक आडनांव आहे, आणि केहिमकर वा चेऊलकर हें ज्याचें त्याचें घर आहे. आमचेंहि तसेंच आहे. अंत्युखियांत शिष्यांस पहिल्यानें ख्रिस्ती हें नांव मिळालें, तें आम्हां सर्वांचें सामाईक आडनांव. तें कागदावरून कोणास दिसत नाहीं. बाजारांत माप भरतांना, बांधावरचें भांडण मिटवितांना, मुलीचें लग्न ठरवितांना तें लोकांस दिसतें. आणि जें नवें नांव देव जय मिळविणाऱ्यास देणार आहे, तें तर घेणाऱ्यावांचून कोणास ठाऊकहि नाहीं. तोंवर आपण आपापल्या गांवाच्या नांवानें, पण त्याचे म्हणून, राहूं या.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. 'बेन' व 'बार' ह्या शब्दांचा अर्थ काय? प्रत्येकाचें एक एक उदाहरण शास्त्रांतून दाखवा.
२. राहेलीनें ठेविलेलें नांव याकोबानें कां बदललें असावें?
३. आपल्या मराठी शास्त्रांत 'कर' प्रत्यय कोणकोणत्या पत्रांच्या नांवांत आला आहे?
४. बेने-इस्राएलांच्या नांवाचे तीन भाग कोणते? तुमच्या स्वतःच्या नांवाचे भाग सांगा व तुमच्या आडनांवाचें मूळ घरच्या वडील माणसांस विचारून या.
५. योहान दगडांविषयीं जें बोलला त्याचा आपल्या मंडळीच्या लग्नव्यवहारास काय बोध आहे?
६. एखाद्या विश्वासी मनुष्यास आपलें आडनांव बदलावेंसें वाटल्यास उपदेशकानें त्यास प्रथम काय विचारावें?